सत्तावीस, नऊ की तीन? श्रीगोंदा, पायथन आणि एका आवृत्तीबदलाचा इतिहास

१/
श्रीगोंदा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील या तालुक्याच्या गावाच्या नावात अक्षरे किती? पहिलीतले मूल बोटांवर मोजून सांगेल : श्री, गों, दा. तीन. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला हाच प्रश्न साधेपणाने विचारला, तर उत्तर येत असे सत्तावीस. तिसरी आवृत्ती सांगते नऊ.

२/
तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. दुसऱ्या आवृत्तीतील जुना कोड तिसरीत आणताना जगभरच्या प्रोग्रामरांची बारा वर्षे गेली, त्यांतला मोठा हिस्सा याच घोळाने खाल्ला. मोडी कागद बाळबोधीत उतरवणाऱ्याला आणि आण्यांचे हिशेब पैशांत मांडणाऱ्याला हा घोळ परका वाटणार नाही. म्हणूनच संगणकाची ही कथा इतिहासाच्या वाचकांसाठी.

३/
पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती नेदरलँड्सच्या गिदो व्हॅन रॉसम यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. जगातील साऱ्या लिप्यांना एकाच क्रमांकयादीत बसवणारे युनिकोड हे मानक पहिल्यांदा प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, पण ऑक्टोबरमध्ये. भाषा आधी जन्मली, लिप्यांची यादी नंतर. त्या काळी मजकूर म्हणजे बाइटांची रांग, आणि एक बाइट म्हणजे एक अक्षर. इंग्रजीचे भागत होते, त्यामुळे कोणाला काही खटकले नाही.

४/
भारतात मात्र हा प्रश्न त्याआधीच हाताळला जात होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्यासह १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून पक्के झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणजे आज फोनवर ‘श्रीगोंदा’ लिहिणाऱ्याच्या बोटाखाली तेव्हाच्या भारतीय अभियंत्यांनी लावलेला वर्णक्रम आहे.

५/
आता सत्तावीसचा हिशेब. संगणकाच्या दृष्टीने श्रीगोंदा म्हणजे : श, हलन्ताचे चिन्ह, र, दीर्घ ईकार, ग, ओकार, अनुस्वार, द, काना. एकूण नऊ चिन्हे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नऊ त्रिक सत्तावीस. जुना पायथन बाइट मोजत होता, नवा चिन्हे मोजतो. बोटांवर मोजणारे मूल मात्र अक्षरे मोजते.

६/
२००० साली आलेल्या पायथन २.० ने युनिकोडला जागा दिली, पण जुने मोडू नये म्हणून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदवले : एक बाइटांची स्ट्रिंग, दुसरी युनिकोडची. दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर भाषा गुपचूप रूपांतर करून घेई, आणि ते करताना मजकूर इंग्रजीच आहे असे गृहीत धरी. इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षे काही बिघडत नसे. पहिले मराठी नाव आले, की प्रोग्राम कोसळे.

७/
त्या कोसळण्याची एक खूण होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ क्रमांकाचा असतो. ‘क’ असो वा ‘ज्ञ’ मधला ‘ज’. इंग्रजीच्या जुन्या सारणीत १२७ च्या पुढे काहीच नाही. म्हणून चुकीच्या संदेशात नेहमी तोच बाइट झळके, आणि तोही बहुधा ‘स्थान शून्य’ येथे, म्हणजे नावाच्या अगदी उंबरठ्यावर. त्या काळी मराठीसाठी पायथन लिहिलेल्या माणसाला हा क्रमांक सोळाच्या पाढ्यातील त्याच्या रूपासह आजही पाठ असेल.

८/
कोसळणे त्यातल्या त्यात बरे. तक्त्यातील रकान्यात वीस अक्षरे मावतात असे धरून कोणी नाव विसावर तोडले, तर सत्तावीस बाइटांतले सात जात. उरे ते ‘श्रीगो’, आणि पुढे अनुस्वाराचे तीनपैकी दोन बाइट, जे पडद्यावर एखाद्या चौकोनासारखे उमटत. प्रोग्राम तक्रार करत नसे. यादी छापली जाई, सही-शिक्क्यासह पुढेही जाई.

९/
येथे मोडीची आठवण अपरिहार्य आहे. मोडीत शिरोरेघ आधी ओळभर ओढली जाते आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जातात. शब्द तोडलेले नसतात. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो. ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलेच नसते. वाचणारा संदर्भावरून जाणतो. दोघेही एकाच दफ्तरात वाढलेले असतील, तर यात काहीच अडत नाही.

१०/
अडते ते बाळबोधीत उतरवताना. बाळबोध लिपी विचारते : शब्द कुठे संपला? इकार कोणता? मूळ कागदाने हे प्रश्न कधी सोडवलेच नव्हते, त्याला गरजच पडली नव्हती. लिप्यंतर करणाऱ्याला प्रत्येक ओळीत निर्णय घ्यावा लागतो आणि तो निर्णय छापील पानावर मूळ मजकुरासारखाच ठाम दिसतो. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे, पण तिथे निदान कोणीतरी मुद्दाम अक्षर बदलले, असे ती सांगते. कोणीही काही न बदलता अर्थ बदलतो, त्या प्रकाराची कथा होत नाही.

११/
पायथन ३ ने बाळबोध लिपीसारखेच केले. मजकूर वेगळा, बाइट वेगळे. दोघांत गुपचूप मिसळण बंद. फायलीतून आलेले बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे हे सांगा, नाहीतर यंत्राचा नेहमीचा समज गृहीत धरला जाईल. ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली, आणि ती जुन्या कोडशी जाणूनबुजून विसंगत होती. एखाद्या लोकप्रिय भाषेने आपल्याच वाचकांची पुस्तके कालबाह्य ठरवावीत, असे धाडस विरळा. त्यावर टीकाही तितकीच झाली.

१२/
वरवरचे बदल झटपट सांगता येतात. ‘प्रिंट’ ही आज्ञा आता कंस मागते, ‘एक्सरेंज’ गेले, ‘रेंज’नेच त्याचे काम घेतले, ‘रॉ-इनपुट’चे नुसते ‘इनपुट’ झाले. असे बदल ‘टू-टू-थ्री’ नावाचे साधन आपोआप करून देई. राहिला एखादा, तर नवी आवृत्ती पहिल्याच ओळीवर अडून बसे. गोंगाट करणाऱ्या चुका दयाळू असतात.

१३/
आता दयाळू नसलेल्या. समजा, श्रीगोंदा तालुक्यातील कोणा अभ्यासकाने २०१० च्या सुमारास जुन्या वाटणीपत्रांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सात एकर रान, दोन भाऊ. पायथन २ मध्ये सात भागिले दोन म्हणजे तीन. साडेतीन नव्हे, पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तर पूर्णांकच. दोघांचे मिळून सहा एकर झाले. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, कोणत्याही तंट्याविना नाहीसे.

१४/
पायथन ३ मध्ये तीच ओळ, एकही अक्षर न बदलता, साडेतीन देते. येथे नवीन आवृत्तीने जुनी चूक सुधारली. पण उलटेही घडते : जिथे मूळ लेखकाला पूर्णांकच हवा होता (यादीतील मधले पान काढणे, रांगा मोजणे), तिथे अचानक अपूर्णांक येऊन उभा राहतो. कोणत्या भागाकारामागे कोणता हेतू होता, हे त्या तिरप्या रेघेवरून कळत नाही. टू-टू-थ्रीलाही कळत नसे. हेतू स्पष्ट लिहिता यावा म्हणून दोन तिरप्या रेघांचा वेगळा भागाकार २००१ सालच्या २.२ आवृत्तीतच आला होता. सात वर्षे आधी दिलेली ती सूचना किती जणांनी मनावर घेतली, हे पुढे दिसलेच.

१५/
गट क्रमांकांचे प्रकरण याहून बोलके. जमिनीच्या नोंदीत ‘९’ असतो, ‘१०’ असतो आणि पोटहिस्सा पडला की ‘१०/१’ही असतो. पहिले दोन संख्या, तिसरा मजकूर. अशी मिश्र यादी क्रमाने लावायला सांगितली, तर पायथन २ निमूटपणे लावून देई : आधी सगळ्या संख्या, मग सगळा मजकूर. त्यामुळे १०/१ हा १० च्या शेजारी न येता साऱ्या गावाच्या संख्या संपल्यावर, अगदी शेवटी येई. पायथन ३ स्पष्ट सांगतो की संख्या आणि मजकूर यांची तुलना होत नाही, आणि थांबतो. प्रोग्राम ‘बिघडला’ असे त्या दिवशी म्हटले जाते. खरे तर तो पहिल्या दिवसापासून बिघडलेला होता.

१६/
एक गोष्ट मात्र नव्या आवृत्तीत मराठीसाठी सुखाची झाली. ‘१२’ असे देवनागरी अंकांत लिहिलेले आकडे पायथन ३ कोणत्याही खटपटीविना बारा म्हणून वाचतो. जुन्या बाइटांच्या स्ट्रिंगमध्ये ते निरर्थक ठरत. जुन्या कीर्दी-खतावण्यांच्या नोंदी टंकून घेणाऱ्यांसाठी ही लहान बाब नाही. शिवाय प्रोग्राममधील चलाला ‘क्षेत्र’ असे सरळ देवनागरी नावही देता येते.

१७/
आता आण्यांकडे. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने रुपयाचे सोळा आणे सोडून शंभर नये पैसे केले. हाही आवृत्तीबदलच, आणि कोट्यवधी लोकांवर एकाच दिवशी लागू झालेला. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वा पैशाचे नाणे नाही, म्हणून कायद्याने जवळच्या पूर्ण पैशाला नेण्याचा नियम घातला. बरोबर अर्धा आला, तर खालच्या पैशाला. म्हणून एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस.

१८/
चार वेळा एकेक आण्याची वस्तू घेतली, तर चोवीस पैसे. एकदम घेतल्या तर पंचवीस. दुकानदाराचा एक पैसा बेरीज आधी केली की रूपांतर आधी केले, यावर अवलंबून राहिला. आज जुना हिशेब संगणकावर मांडणाऱ्यालाही हाच क्रम ठरवावा लागतो, आणि बहुतेकदा तो ठरवला आहे याची त्याला जाणीवही नसते.

१९/
याच ठिकाणी पायथनचा सर्वांत बेमालूम बदल दडलेला आहे. संख्या पूर्णांकात आणणारी ‘राउंड’ ही क्रिया दोन्ही आवृत्त्यांत त्याच नावाने आहे, तशीच लिहिली जाते आणि दोन्हीकडे विनातक्रार चालते. पण बरोबर अर्धा आला की पायथन २ शून्यापासून दूर, म्हणजे धन संख्येत वर जात असे. पायथन ३ जवळच्या सम संख्येकडे जातो.

२०/
दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे. कायदा म्हणतो १२. पायथन २ म्हणत असे १३. पायथन ३ म्हणतो १२. वाटावे, नवी आवृत्ती कायद्याशी जुळली! मग सहा आणे घ्यावेत : साडेसदतीस. कायदा ३७. पायथन २ चे ३८. पायथन ३ चेही ३८, कारण सम तोच. म्हणजे जुना कोड दोन्हीकडे चुकत होता. निदान एकसारखा चुकत होता. नवा एकदा बरोबर, एकदा चूक. दोन आण्यांवर चाचणी घेऊन समाधानाने उठणारा माणूस सहा आण्यांवर फसतो.

२१/
सुधारणा अवघड नाही. १९५७ चा नियम कोडमध्ये आपल्या हाताने, स्पष्ट लिहावा : अर्धा आला तर खाली. मुद्दा इतकाच की ‘राउंड’ हा शब्द लिहिणाऱ्याने कोणता नियम मनात धरला होता, हे तो शब्द सांगत नाही. अनेकदा कोणताच धरलेला नसतो.

२२/
जुने आणि नवे किती काळ शेजारी राहिले, हेही पाहण्याजोगे. ‘नये पैसे’ यातील ‘नये’ हे विशेषण १ जून १९६४ रोजी गळाले. सात वर्षांनी नवे इतके रुळले की त्याला नवे म्हणण्याचे कारण उरले नाही. पायथन २ ला आधी २०१५ पर्यंत मुदत होती. ती वाढवून २०२० करावी लागली. मधल्या काळात दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिण्यासाठी ‘सिक्स’ नावाचे साधन सर्रास वापरले जाई. दोन गुणिले तीन बरोबर सहा, म्हणून ते नाव. इन्स्टाग्रामसारख्या अवाढव्य सेवेने तिसरीकडे जाण्याचे काम २०१७ मध्ये पुरे केल्याचे जाहीर केले. २.७.१८ ही दुसऱ्या शाखेची अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली आणि ती शाखा मिटली.

२३/
मराठी मजकुराला याच्याही आधीचा एक थर आहे, आणि तो अधिक चिवट. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई फॉन्टवर चाले : फायलीत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे, विशिष्ट फॉन्ट लावला की ती मराठी दिसत. फॉन्ट हरवला की मजकूर म्हणजे बाराखडीचा चुराडा. शिवाय क्रम दिसण्याचा असे, उच्चाराचा नव्हे. श्रीगोंदा तालुक्यातील ‘चिंभळे’ हे नाव घेतले, तर त्यातील ऱ्हस्व इकार फायलीत ‘च’च्या आधी येई, कारण डोळ्याला तो आधी दिसतो. युनिकोडमध्ये तो ‘च’नंतर हवा, कारण तोंडात तो नंतर येतो. रफाराचे याच्या उलट. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम नुसती अक्षरे बदलून भागवू शकत नाही, त्याला जागाही बदलाव्या लागतात.

२४/
असे फॉन्टचे मजकूर पायथन २ बाइट म्हणून सुखेनैव वाहून नेई. तो काही विचारतच नसे. पायथन ३ प्रत्येक फाइल उघडताना पद्धत मानतो, आणि इथे एक सापळा आहे. फाइल पाश्चात्त्य युरोपीय पद्धतीची आहे असे सांगून टाकले की कोणतीही चूक न दाखवता ती उघडते. मराठी तरीही मिळत नाही. मिळतो तो अधिकृतपणे वाचलेला चुराडा.

२५/
आणि गावाचे नाव? तेही एका आवृत्तीचे नाही. जुन्या मराठी कागदांत हे गाव ‘चांभारगोंदे’ म्हणून येते. शेख महंमदांचे गाव, शिंद्यांच्या वाड्यांचे गाव म्हणून इतिहासाचा वाचक त्याला ओळखतो. भीमाकाठचा पेडगावचा किल्ला याच तालुक्यात. पुढे श्रीगोंदे, श्रीगोंदा. जिल्हाही २०२४ मध्ये अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. कोड नवा करताना उत्साहाच्या भरात सगळीकडे नवे नाव बसवण्याचा मोह होतो. १९५७ च्या नोंदीत ‘अहमदनगर’ आहे तेच तिथे राहिले पाहिजे. शोधणाऱ्याला तिन्ही नावांनी एकच गाव सापडावे, यासाठी समानार्थी नावांची वेगळी यादी ठेवावी. मूळ रकान्याला हात लावू नये. या बाबतीत प्रोग्रामरपेक्षा जुन्या दफ्तरातला कारकून अधिक सावध होता असे म्हणावेसे वाटते.

२६/
पहिल्या प्रश्नाची बाकी अजून राहिली आहे. सत्तावीस गेले, नऊ आले. पण मुलाचे तीन कुठे? युनिकोडने ‘वाचकाला दिसणारे अक्षर’ मोजण्याचे नियम वेगळे दिले आहेत. त्या नियमांनीही बरीच वर्षे श्रीगोंद्याचे चार तुकडे होत : श्, री, गों, दा. जोडाक्षर एकसंध धरावे, हा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तेव्हा कुठे मोजणी तीनवर पोचली. पायथनची नेहमीची मोजणी मात्र अजूनही नऊच सांगते. तीन हवे असतील तर वेगळे साधन जोडावे लागते.

२७/
मोडीलाही युनिकोडमध्ये स्वतःची जागा २०१४ च्या ७.० आवृत्तीत मिळाली. त्यामुळे आता मोडी कागद आधी मोडीतच, शब्द न तोडता टंकता येतो, आणि बाळबोध वाचन शेजारच्या रकान्यात वेगळे ठेवता येते. कागदाने काय लिहिले आणि वाचणाऱ्याने काय ठरवले, ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळत नाहीत.

२८/
जुना पायथन कोड हाती असलेल्या इतिहासप्रेमींसाठी शेवटचे, कामाचे. बदल करण्याआधी जुना प्रोग्राम जुन्याच आवृत्तीवर एकदा पूर्ण चालवावा आणि त्याची उत्तरे जशीच्या तशी फायलीत जपून ठेवावीत, चुकांसकट. मग नवा चालवून दोन्ही फायली ओळीला ओळ लावून पाहाव्यात. जिथे फरक दिसेल, तिथे नवे बरोबर असेल असे लगेच मानू नये. आणि फरक दिसला नाही, तरी सहा आण्यांची ओळ एकदा कागद-पेन्सिल घेऊन तपासावी, कारण तिथे दोन्ही फायलींत ३८ लिहिलेले असते.